आमच्या तोंडात तीळ भिजतो : दिवाळी अंकांच्या संपादकांना खुले पत्र

नाशिक

दिवाळी अंकांचे संपादक आणि लोकप्रिय कादंबऱ्यांचे प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक नाशिकमध्येच. एवढ्या वर्षांत देवपूजा चुकली असेल, पण तुमच्या कथा-कादंबऱ्यांचं वाचन चुकलं नाही. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, आमच्या भाषेत सावाना, माझ्या बँकेतून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथून आणलेली पुस्तकं मी दुपारच्या डब्याच्या वेळेत वाचली, सासूबाईंच्या उशाशी बसून वाचली. कधी कामानिमित्त सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जावं लागलं तर कसारा घाट उतरेपर्यंत तीन प्रकरणं होत.

लोक याला हलकंफुलकं वाचन म्हणतात. मी त्याच्या बाजूची आहे. मार्च एंडिंगला रात्री नऊला घरी आलेल्या बाईला जेवणं आटोपून, उद्याची भाजी निवडून झाल्यावर वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत तिच्या हातात जे पुस्तक असतं, त्याच्यावर फार मोठी जबाबदारी असते असं मी मानते. तक्रार करते आहे ती त्यासाठीच. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते त्याला कुणी पत्र लिहीत नाही.

नोकरी-व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणींच्या गोष्टी अलीकडे तुमच्याकडे वाढल्या, याचा मला आनंदच झाला. पूर्वी नायिकेची मैत्रीण लग्न ठरेपर्यंत सोबतीला असायची आणि मग पुस्तकातून नाहीशी व्हायची. आता ती शेवटच्या पानापर्यंत असते. पण तिला तिथवर नेण्यासाठी तुमच्या लेखकांना एकच वाट सापडलेली दिसते, आणि ती म्हणजे गुपित. चार मैत्रिणी असतात. एकीच्या पोटात काहीतरी असतं, ते दुसरीला माहीत असतं आणि तिसरीला नसतं. पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं की कुणाच्या तरी साखरपुड्यात ते फुटतं. कुणीतरी दाराआडून ऐकलेलं असतं किंवा फोनवरचा मेसेज भलतीच्या हाती लागलेला असतो. मग अबोला, मग एक आजारपण किंवा अपघात, आणि दवाखान्यातल्या बाकावर मनोमीलन.

ही रचना का चालते हे वाचक म्हणून मला कळतं. जे आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्या पात्राला ठाऊक नाही, या एवढ्यावर पानं उलटली जातात. लेखकाला ते हत्यार हवंच. माझं म्हणणं वेगळं आहे. शंभरातल्या शंभर गोष्टींत गुपित फुटतंच, आणि फोडते ती मैत्रीणच. वर्षानुवर्षं हेच वाचून आमच्याविषयी एक जुनी समजूत पक्की होत जाते.

ती समजूत तुम्हाला ठाऊक आहे. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी आजी मला पंचवटीत कीर्तनाला न्यायची. तिथे मी धर्मराजाच्या शापाची गोष्ट ऐकली. युद्ध संपल्यावर कुंतीनं सांगितलं की कर्ण तिचाच मुलगा होता. धर्मराज इतका कळवळला की त्यानं समस्त स्त्रीजातीला शाप दिला, यापुढे तुमच्या पोटात कोणतीही गोष्ट राहणार नाही. बुवा हे सांगत आणि सगळा मांडव हसे, बायकासुद्धा. आजी मात्र हसत नसे. घरी येताना एकदा ती म्हणाली, "अगं, त्या बाईनं जन्मभर पोटात ठेवलं म्हणून तर शाप मिळाला ना?" आजी चौथी शिकलेली होती. हे वाक्य मी विसरले नाही.

आता माझंच एक गुपित सांगते. ते माझं आहे, त्यामुळे ते उघडायचा हक्कही माझा.

२००४ मध्ये क्लार्कवरून ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा मी पास झाले. मुलाखतही झाली, यादीत नाव आलं. प्रमोशन म्हणजे बदली, हे बँकेत काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझं पोस्टिंग नाशिकपासून एका रात्रीच्या प्रवासावर होतं. घरी सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, मुलगी दहावीत. मी लेखी नकार दिला आणि घरी सांगितलं, "यंदा नाव लागलं नाही." कारण खरं सांगितलं असतं तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. एक तर घरच्यांनी मला बळेच पाठवलं असतं आणि मी तिकडे रोज रात्री रडले असते. नाही तर माझ्या त्यागाचं ओझं त्या घरावर कायमचं बसलं असतं. सासूबाईंना पाणी पाजताना त्यांच्या डोळ्यांत अपराधीपणा दिसणं मला सोसवलं नसतं.

हे माझ्या तिघी मैत्रिणींना माहीत होतं. ज्या दिवशी नकाराचं पत्र दिलं, त्या संध्याकाळी आम्ही चौघी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसलो. वक्ते कोण होते, विषय काय होता, काही आठवत नाही. माझा एक हात एकीच्या हातात होता, एवढं आठवतं.

पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. माझी नणंद बोलता बोलता म्हणाली, "वहिनीला आमच्या सगळं जमतं, तेवढी ती बँकेची परीक्षा काही जमली नाही." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. समोर माझी बँकेतली मैत्रीण बसली होती. माझ्या निकालाचा कागद तिनं स्वतः नोटीस बोर्डावर वाचलेला होता. तिचा चेहरा लाल झाला. तुमच्या कादंबरीत ती इथे उठून उभी राहिली असती, सगळ्यांसमोर सत्य सांगितलं असतं आणि प्रकरण संपलं असतं. तिनं तोंडातला तिळगूळ सावकाश गिळला आणि नणंदेला विचारलं, "ताई, तुमच्या गुळपोळीत कडेपर्यंत गूळ जातो तो कसा हो?" मग नणंद त्यातच रंगली. त्या क्षणी तिनं माझ्यासाठी जे केलं त्याला मैत्रीशिवाय दुसरं नाव माझ्याकडे नाही. आणि अशी मैत्री मला आजवर एकाही दिवाळी अंकात वाचायला मिळालेली नाही.

सासूबाई २०१३ मध्ये गेल्या. हे पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा गेल्या महिन्यात यजमानांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एकच विचारलं, "त्या तिघींना माहीत होतं?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाले. नणंदेला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडली.

आमच्यातली दुसरी वकील आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झाला, त्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमावी लागते आणि तिच्यावर बाहेरची एक सदस्य असावी लागते. सातपूरकडच्या एका कारखान्याच्या समितीवर ही तशी बाहेरची सदस्य आहे. याच कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार तक्रार करणारीचं नाव, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं नाव, साक्षीदार, चौकशीत काय निघालं, यातलं काहीही बाहेर सांगायला मनाई आहे. इतक्या वर्षांत तिनं आम्हाला एकाही तक्रारीचं अवाक्षर सांगितलेलं नाही. कधी रविवारी मिसळ खायला भेटतो तेव्हा ती गप्प गप्प असते. आम्ही विचारत नाही. तिच्या पुढ्यातला रस्सा निवला की एकजण उठून गरम वाढून आणते.

तुमच्या गोष्टींत मैत्री म्हणजे एकमेकींना सगळं सांगणं. "आपल्यात काही लपलेलं नसतं" हे वाक्य मी किमान वीस पुस्तकांत वाचलं असेल. आमच्यात पुष्कळ लपलेलं असतं. काय लपलेलं आहे हे विचारायचं नाही आणि ते लपवणारीला एकटंही पडू द्यायचं नाही, ही कसरत आम्ही तीस वर्षं करत आलो आहोत. हे लिहायला कठीण आहे, मला मान्य आहे. पण तुमच्याकडे चांगले लेखक आहेत.

बँकेच्या काउंटरवर तर गुपितांची रांगच पाहिली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. ३० डिसेंबरपर्यंत त्या खात्यात भरायच्या होत्या. नोटा छापणाऱ्या गावातली आम्ही माणसं. नोटेचं अप्रूप आम्हाला कमी. पण त्या पन्नास दिवसांत जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. तांदळाच्या डब्यातून, साडीच्या घडीतून, देव्हाऱ्याखालच्या फडक्यातून निघालेले पैसे. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवीची चौकशी होणार नाही असं सरकारनं गृहिणींना सांगितलं होतं. लोकांनी त्यावर विनोद केले. माझ्या मनात मात्र राहिल्या त्या नोकरी करणाऱ्या बायका. पगार खात्यात जमा होतो, पण कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, अशा बायका माझ्या शाखेत बऱ्याच होत्या. त्यांच्यातली एक शिक्षिका होती. तिचं गाव, शाळा काही सांगणार नाही. बोर्डाचे पेपर तपासल्याचं मानधन तिनं वर्षानुवर्षं बाजूला ठेवलं होतं. ती एकटी आली नव्हती. तिच्यासोबत तिच्याच शाळेतली दुसरी बाई होती. ते पुडकं इतकी वर्षं त्या दुसरीच्या घरी, तिच्या कपाटात होतं. मोजल्यावर आकडा बरोबर निघाला. एक नोटही कमी नव्हती. पैसे सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी तेव्हा मुलाच्या कॉलेजच्या फीची चणचण होती, हे मला तिच्या खात्यावरून दिसत होतं.

या दोघींची गोष्ट कुणी लिहील का?

तुमच्या पुस्तकांत बायका नोकरी करतात, पण काम करताना दिसत नाहीत. आर्किटेक्ट असलेली नायिका साइटवर जात नाही, डॉक्टर नायिकेला रात्रपाळी नसते, बँकेतल्या बाईचा हिशेब कधी जुळायचा राहत नाही. त्यामुळे त्यांची गुपितंही प्रेमाचीच असतात, आधीचा प्रियकर किंवा नवऱ्याचं बाहेर काही. आमची खरी गुपितं कामातून येतात. दुसरीकडे दिलेला इंटरव्ह्यू. आपल्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त पगार आहे हे कळणं. सकाळी आठला इंजेक्शन घेऊन साडेनऊला मस्टरवर सही करणं, आणि हे मूल व्हावं म्हणून चाललेले उपचार आहेत हे टेबलावर कुणालाही कळू न देणं.

दिवस राहिले की पहिले तीन महिने सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या तीन महिन्यांत काही बरंवाईट झालं तर तेही मग सांगायचं राहून जातं. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद तेव्हाच्या, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी चौथ्या दिवशी कामावर हजर झाली होती. रजा मागायची तर आधी झालेलं सांगावं लागतं. तिनं ते फक्त मला सांगितलं, आणि मी तिचं काउंटर पंधरा दिवस सांभाळलं, कारण तिला उभं राहवत नव्हतं. आज मला वाटतं की मी तिला कायदा सांगायला हवा होता. तेव्हा मलाही तो ठाऊक नव्हता. एखाद्या हलक्याफुलक्या कथेत, सहज बोलण्याच्या ओघात तो आला असता तर आम्हा दोघींना कळला असता. कायद्याची पुस्तकं आम्ही वाचत नव्हतो, तुम्हाला वाचत होतो.

गुपित राखणं नेहमीच चांगलं, असं मी म्हणत नाही. आमच्यातली तिसरी प्राध्यापिका. २०१८ मध्ये आम्ही दोघी मुंबईला निघालो होतो आणि गाडीत बॅग वर ठेवताना तिचा उजवा हात उचलेना. विचारल्यावर म्हणाली, काखेत गाठ आहे, परीक्षा संपल्या की दाखवते, घरी बोलू नकोस. परीक्षा संपल्या. मग पेपर तपासणी, मग प्रवेश. पाच महिने गेले. मी पाच महिने गप्प राहिले, याची टोचणी मला अजून आहे. शेवटी मी आणि आमच्यातली आणखी एकजण तिच्या घरी गेलो आणि ती कॉलेजात असताना तिच्या मिस्टरांना सांगितलं.

ऑपरेशन झालं, उपचार झाले, आज ती बरी आहे. पण त्यानंतर आठ महिने ती आमच्याशी बोलली नाही. दवाखान्यात आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचो आणि ती आत बोलवायची नाही. मनोमीलन असं झालंच नाही. एका रविवारी ती आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली, बस्स. आता हसते, बोलते. पण गेल्या वर्षी तिच्या आईचं दुखणं तिनं आम्हाला सहा महिने उशिरा सांगितलं. पूर्वी तसं झालं नसतं. आम्ही केलं ते बरोबर होतं आणि त्याची किंमतही खरी होती. ती आम्ही अजून चुकवतो आहोत.

हा भाग तिला वाचून दाखवला. तिनं एक वाक्य काढायला सांगितलं, ते काढलं आहे.

तुम्ही म्हणाल, असं सगळं लिहिलं तर वाचकांना चालेल का? आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा १९०९ मध्ये 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी सुरू केली. तेव्हापासून तुमच्या वाचकांत बायका आहेत आणि त्यांनी पुष्कळ काही पचवलं आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं ते तिनं लिहिलं होतं, आणि ही बाई कोण यावरून महाराष्ट्रात गदारोळ झाला. ते टोपणनाव होतं. खऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, स्वतः शिक्षणक्षेत्रात नोकरी करणाऱ्या. ज्या थोड्यांना ते नाव माहीत असेल, त्यांनी वादळात ते पोटात ठेवलं म्हणून पुढची पुस्तकं आली असं मला नेहमी वाटतं. नोकरी करणाऱ्या मराठी बाईचं मन आपल्यापर्यंत पोचलं ते कुणीतरी राखलेल्या गुपिताच्या आडून.

म्हणून विनंती आहे. यंदा कथा मागवाल तेव्हा लेखकांना सांगा, एक तरी गोष्ट अशी द्या जिच्यात गुपित फुटत नाही. उत्कंठा त्यातही असते. माझी मैत्रीण तिळगूळ गिळत होती तेव्हा माझा श्वास अडकला होता. नायिकेच्या नोकरीचं काम दिसू द्या, बदलीचं पत्र आणि रजेचा अर्ज येऊ द्या. मैत्री तुटली तर ती घाईनं सांधू नका. आणि ही गोष्ट सोपीच ठेवा, कसारा घाटात वाचता येईल अशी. अवघड करून ती गंभीर साहित्याच्या कपाटात नेऊ नका. तिथवर जायला वीस मिनिटं पुरत नाहीत.

आम्ही चौघी दर दिवाळीला प्रत्येकी दोन अंक घेतो आणि ते आपसात फिरवतो. देवदिवाळीपर्यंत आठही अंक सगळ्यांचे वाचून होतात. अनुक्रमणिकेत आवडलेल्या कथेपुढे पेन्सिलीनं खूण करायची, अशी आमची जुनी पद्धत आहे. गेल्या वर्षी आठ अंकांत चार खुणा असलेली कथा एकही नव्हती. तुमच्या कथा उन्हाळ्यातच ठरायला लागतात असं ऐकलं आहे, म्हणून त्याआधी हे पत्र पाठवते आहे.

आपली,
नाशिकची एक वाचक